मामा, पासिंग संपलंय

मला रस्त्यावरच्या मामाने पकडलं नाही. मामाला भाच्याने पकडलं.

भाचा पुण्याहून आला होता, मित्रांना सज्जनगडावर न्यायचं होतं, म्हणून गाडी मागितली. दिली. आपण किल्ली खिशात टाकून निघालो असतो. हा किल्ली घेऊन सोफ्यावर बसला आणि मोबाइलमध्ये गाडीचा नंबर टाकू लागला. गाडीत बसण्याआधी ही पिढी तिची कुंडली काढते. आमच्या पिढीने लग्नाआधीही इतकी चौकशी केली नव्हती.

"मामा, पासिंग संपलंय."

"कुणाचं?"

"गाडीचं. १४ महिने झाले."

मी हसलो. माझ्या गाडीचा विमा चालू, पीयूसी चालू, फास्टॅगमध्ये शिल्लक. संपायचं काय त्यात? त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. २००९ साली घेतलेली गाडी, नोंदणी १५ वर्षांची. २००९ अधिक १५ हा हिशेब मला चौथीत आला असता. गाडीच्या बाबतीत कधी सुचलाच नाही.

मग एकेक आठवायला लागलं. कायद्याच्या लेखी ही गाडी १४ महिने रस्त्यावर येण्याच्या लायकीची नव्हती, पण तिच्याकडून पैसे घ्यायला कुणी नाही म्हटलं नव्हतं. आनेवाडीला टोल कापला गेला, खेड-शिवापूरला कापला गेला. विमावाल्याने हप्ता घेतला आणि वर दिवाळीच्या शुभेच्छाही पाठवल्या. पीयूसीवाल्याने धूर पाहिला, तारीख पाहिली नाही. पंपावर तर विचारायची सोयच नाही. तीन वेळा नाकाबंदीत सापडलो. तिन्ही वेळा लायसन्स दाखवलं, पट्टा दाखवला, पीयूसी दाखवलं. आरसी मागितली, तेव्हा मी ती लांबूनच दाखवली आणि साहेबांनीही ती लांबूनच पाहिली. स्मार्टकार्ड असतं, चकाकतं. चकाकणाऱ्या वस्तूची मुदत कोण बघतो?

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याचं ३९ वं कलम सांगतं की नोंदणी नसलेली, किंवा नोंदणी निलंबित वा रद्द झालेली गाडी सार्वजनिक जागी कुणी चालवायची नाही आणि मालकाने चालवूही द्यायची नाही. हे दुसरं वाक्य नीट वाचा. किल्ली मी दिलीच होती. भाचा सज्जनगडाच्या घाटात अडकला असता, तर दोघंही गुन्हेगार. त्याने चालवली म्हणून तो, मी चालवू दिली म्हणून मी. मामा-भाचे एकाच कलमाखाली! आणि ४१ वं कलम खासगी गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र १५ वर्षांपुरतंच चालतं म्हणतं. पुढे ५ वर्षांचं नूतनीकरण मिळतं, पण मागावं लागतं.

शिक्षा १९२ व्या कलमात आहे. पहिल्या वेळी दंड ५,००० रुपयांपर्यंत, पण २,०००च्या खाली नाही. दुसऱ्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा ५,००० ते १०,००० दंड, किंवा दोन्ही. शिवाय २०७ व्या कलमाखाली गाडी तिथल्या तिथे जप्त करता येते. म्हणजे तुम्ही सहकुटुंब पाचगणीला निघालात आणि गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात मुक्कामाला. त्या आवारातल्या गाड्या पाहिल्यात ना? बोनेटमधून वेल बाहेर आलेला असतो.

एक सवलतही आहे. आजारी किंवा जखमी माणसाला नेण्यासाठी, औषधं किंवा आपत्तीत अन्न पोचवण्यासाठी अशी गाडी अडीअडचणीला वापरली तर हे कलम लागत नाही. अट अशी की सात दिवसांच्या आत परिवहन प्राधिकरणाला तसं कळवायचं. मी या १४ महिन्यांत सासूबाईंना दोनदा दवाखान्यात नेलं. सात दिवसांत कुणालाही कळवलं नाही, कारण आपण काही कळवण्यासारखं केलंय याचाच पत्ता नव्हता. बायकोचं म्हणणं, आईचा गुडघा अडीअडचणीत बसतो का तेवढं विचारून या.

शेजारचे निवृत्त साहेब मध्येच डोकावले. "१५ वर्षं झाली म्हणजे भंगारातच. सरकारने काढलाय कायदा." साहेब, ते दिल्लीचं. तिथे १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर लवाद आणि न्यायालयाचे आदेश आले, मग त्या आदेशांवरही आदेश आले. साताऱ्याला ते लागू नाही. आपल्याकडे १५ वर्षांनी गाडी मरत नाही. तिने जिवंत असल्याचा दाखला आणायचा असतो. पेन्शनवाल्यांसारखाच. हे म्हटल्यावर साहेबांना चटकन कळलं. नोव्हेंबरात तेही त्याच रांगेत असतात.

सरकारने स्वतःला मात्र वेगळा न्याय लावला आहे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य, महामंडळं यांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरणच होत नाही. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्या तेवढ्या वगळल्या. स्वतःची १५ वर्षांची गाडी सरकारला चालवण्यालायक वाटत नाही, तुमची-माझी वाटते. फक्त तिचं शुल्क वाढत जातं. मोटारीच्या फेरनोंदणीला पूर्वी ६०० रुपये लागत, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. आणि तीच गाडी ५० वर्षं जपलीत तर? मग ती व्हिंटेज! २०,००० भरा, नंबरात खास अक्षरं मिळवा, मिरवणुकीत फिरवा, लोक फोटो काढतील. १५ ते ५० या मधल्या काळात गाडीला मान नाही. तिचं वय झालंय एवढंच सगळे सांगतात आणि दर खेपेला पैसे मागतात. पन्नाशी गाठलेल्या मला हे जरा जास्तच लागलं.

इथवर मला वाटत होतं की प्रकरण पाच हजारांत मिटेल. दंड काय, भरू. आपल्याकडे दंडाला कोण भितं? पावती फाडली की पाप धुतलं जातं अशी आपली श्रद्धा आहे. पण भाच्याच्या मित्रमंडळीत एक वकील निघाली. गडावर जायचं सोडून ती माझ्या दिवाणखान्यात बसली आणि तिने जोधपूरची गोष्ट सांगितली.

राजस्थानातल्या एका गृहस्थांनी बोलेरो घेतली. विमा काढला, सहा लाख सतरा हजारांच्या वर. तात्पुरती नोंदणी होती, ती १९ जुलै २०११ ला संपली. कायमची करायची राहिली. २८ जुलैला ते कामासाठी जोधपूरला गेले, रात्री एका गेस्ट हाउसबाहेर गाडी लावली. सकाळी गाडी नाही. चोरीला गेली. विमा कंपनीने दावा नाकारला. गृहस्थ ग्राहक मंचाच्या पायऱ्या चढत वरपर्यंत गेले, राष्ट्रीय आयोगात जिंकलेही. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ३० सप्टेंबर २०२१ ला कंपनी जिंकली. दहा वर्षं लढाई, नऊ दिवसांच्या उशिरासाठी.

"पण गाडी तर उभी होती," मी म्हटलं. "चोरी झाली त्यात नोंदणीचा काय संबंध? चोराने आरसी बघून चोरली का?"

"काका, गाडी जोधपूरला उडत गेली नव्हती," ती म्हणाली.

न्यायालयाचा मुद्दा तोच. नोंदणी नसताना गाडी रस्त्यावर आणली, तिथेच पॉलिसीच्या मूळ अटीचा भंग झाला. याआधी २०१४ सालीही न्यायालय हेच म्हणालं होतं. तिथे तात्पुरती नोंदणी संपून महिनाही झाला नव्हता तोवर अपघात झाला, आणि नुकसानभरपाई गेली. आता माझी नोंदणी तात्पुरती नव्हती, चांगली १५ वर्षांची होती, असं मी माझ्या मनाला समजावतो. पण संपलेली ती संपलेली. विमावाल्याचा वकील माझ्या समजुतीसाठी थांबणार नाही. त्याला नऊ दिवस पुरले, मी त्याला १४ महिने देऊन ठेवले होते.

तेव्हा दंडाचा आकडा विसरा. १९२ व्या कलमातले दोन-पाच हजार ही नुसती प्रवेश फी. खरी रक्कम त्या पत्रात लिहिलेली असते जे 'आपला दावा विचारात घेता येत नाही, याबद्दल खेद वाटतो' असं सुरू होतं. खेद वाटणाऱ्या माणसाला आजवर कुणी पाहिलेलं नाही.

आणि नोंदणीची किंमत किती क्षुल्लक असते याचं उत्तर पुण्याने एकदा देऊन ठेवलं आहे: १,७५८ रुपये. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप. मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, हे सगळ्या देशाने ऐकलं. निबंधाच्या गदारोळात दुसरी गोष्ट थोडी मागे पडली. त्या कोट्यवधींच्या गाडीची कायमची नोंदणीच झालेली नव्हती. मार्चमध्ये कर्नाटकातून तात्पुरती नोंदणी घेऊन ती आली होती. पुण्याच्या आरटीओत दाखवली, तेव्हा शुल्क भरलेलं नाही असं निघालं. भरून या, असं सांगितलं. गाडी परत आली नाही. विजेवरची गाडी, त्यामुळे राज्यात रस्ता कर माफ. उरलं काय? कर्जाचा बोजा चढवायला १,५००, स्मार्टकार्डाला २००, टपालाला ५८. परिवहन खात्यानेच हा हिशेब सांगितला. तात्पुरत्या नोंदणीवर अशी गाडी आरटीओपर्यंत न्यावी-आणावी एवढीच मुभा, असंही अधिकारी म्हणाले. पुण्याची हद्द किती वाढली तरी पहाटे अडीचला आरटीओ उघडं नसतं.

टपालाचे ५८ रुपये न भरता कोट्यवधींची गाडी दोन महिने फिरते, आणि तिला कुणी अडवत नाही. का? कारण ती पोर्शे आहे. माझी १५ वर्षांवरची अल्टोही कुणी रोखून धरली नाही. का? कारण ती अल्टो आहे. एकीकडे बघून दबकतात, दुसरीकडे बघून दुर्लक्ष करतात. मधल्या वर्गातल्या गाड्यांनी सावध राहावं.

त्या प्रकरणात आणखी एक कलम पुढे आलं, १९९ अ. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, आणि त्या गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. त्या मुलालाही पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पोर्शेची नोंदणी रद्द करायला मुळात व्हायला हवी होती. म्हणून तिची नोंदणी वर्षभर होणार नाही, असं जाहीर करावं लागलं. आपल्या गल्लीत आठवीतल्या पोराला स्कूटी देऊन पीठ आणायला पाठवणाऱ्या आयांनी हे कलम फ्रिजला चिकटवावं. पिठाची गिरणी शंभर पावलांवर असते. तिथे चालत जायला १९९ अ लागत नाही.

नोंदणी रद्द व्हायच्या वाटा आणखीही आहेत. गाडी इतकी खिळखिळी की रस्त्यावर धोका, किंवा खासगी गाडी बिनपरवाना भाड्याने फिरवलेली, तर ती निलंबित होते. निलंबन सलग सहा महिने राहिलं की रद्दही करता येते. गाडी पार संपली, तर मालकानेच १४ दिवसांत तसं कळवायचं. आणि रिक्षा, टेम्पो, शाळेची बस यांचं फिटनेस संपलं की कायदा त्यांना नोंदणीकृत धरतच नाही. शाळेच्या बसचं फिटनेस कधी विचारलंत? आपण बसच्या काकांना मुलगा डबा खातो का ते विचारतो.

असो. माझं पुढे काय झालं ते सांगतो. आरटीओच्या बाहेर, झाडाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर एक एजंट बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "रिपासिंग ना? चेहऱ्यावर दिसतंय." त्यांनी हिशेब मांडला. २५ नंबरचा फॉर्म. शुल्क ५,०००. उशिराचे महिन्याला ५००, १४ महिन्यांचे ७,०००. वर पर्यावरण कर. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांच्या आत आलो असतो तर सात हजार वाचले असते. म्हणजे दंडापेक्षा विसराळूपणा महाग. दुचाकीला महिन्याला ३०० आहेत हो, असं सांगून त्यांनी माझं सांत्वन केलं. मी चारचाकी घेतली तेव्हा पेढे वाटले होते, ते आठवलं.

"आणि गाडी तपासणीला आणा," ते म्हणाले.

"कशी आणू? रस्त्यावर आणायची नाही म्हणतात."

त्यांनी माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. म्हणाले, वीस वर्षांत हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले. नोंदणीसाठी गाडी दाखवायची, आणि नोंदणी नाही म्हणून गाडी न्यायची नाही. बाकीचे काय करतात? "बाकीचे चालवतच आणतात." मी मात्र नको तेवढा कायदा वाचून बसलो होतो. शेवटी टोइंगवाल्याला बोलावलं. धडधाकट गाडी, पुढची चाकं वर उचललेली, बाजारपेठेतून निघाली आणि मी पाठीमागून रिक्षाने. ओळखीचे तीन जण थांबून विचारते झाले, अपघात कुठे झाला म्हणून.

चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, ठसा उमटला, निरीक्षकांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला, सही झाली. काम चोख झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पाच वर्षं मिळाली. घरी येऊन मी भाच्याला विजयी मुद्रेने फोन केला.

तो म्हणाला, "मामा, तुझी ती जुनी स्कूटर होती ना, तिचा नंबर सांग जरा."

सांगितला. १९९६ ची चेतक, २००८ साली विकलेली. साडेचार हजार रोख मिळाले होते. माणूस चांगला वाटला. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेतल्या आणि म्हणाला, तारीख मी टाकतो. मी म्हटलं, टाका. कायदा म्हणतो विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायचं. आम्ही दोघांनी चहा घेतला.

भाच्याने माहितीचं पान पाठवलं. ॲपमध्ये मालकाचं नाव तारकांनी झाकलेलं असतं. पण तारकांमधून डोकावणारी अक्षरं माझीच होती. नोंदणीची मुदत: २०११ लाच संपलेली. मी मुकाट्याने वकील मुलीला फोन लावला. ती म्हणाली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असं प्रकरण निकाली काढलंय. गाडी दोन-तीन हात फिरली होती, अपघात शेवटच्या हातात झाला, आणि भरपाईची जबाबदारी आली ज्याचं नाव आरसीवर होतं त्याच्यावर. कायद्याच्या लेखी मालक म्हणजे ज्याच्या नावाने नोंदणी आहे तो. पैसे कुणी घेतले, चहा कुणी पाजला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

थोडक्यात, कुठेतरी माझी एक मुदत संपलेली स्कूटर माझ्या नावाने, माझ्या नकळत, बहुधा बिनविम्याची फिरते आहे. चालवणारा मी नाही. चालवू देणाराही मी नाही, पण ते सिद्ध करायला १७ वर्षांपूर्वीचा चहा साक्षीला येणार नाही.

म्हणून वाचकांना विनंती. फिक्या निळ्या रंगाची चेतक. डाव्या डिकीची कडी तुटलेली, तिथे तांब्याची तार. मागच्या सीटवर पांढऱ्या दोऱ्याचे सात टाके, ते आईने घातलेले आहेत. कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड या बाजूला कुठे दिसली, तर चालवणाऱ्याला कृपया बाजूला थांबवा, रागावू नका, आणि एवढंच सांगा की मालक तारीख टाकायची म्हणून शोधतोय.